पठारावरील पवनचक्क्या व गावाचा वाटा

सह्याद्रीच्या माथ्यावरील सड्यांवर नाचणी व वरी यांखेरीज फारसे काही पिकत नाही. परंतु जो वारा तेथील उभे पीक लोळवितो, त्याच वाऱ्यास आज मोल आले आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या फिरत आहेत. अशा यंत्राचे आयुष्य सामान्यतः 20 ते 25 वर्षे धरतात. केंद्र सरकारच्या 2023 च्या धोरणाने 2 मेगावॉटहून कमी शक्तीची जुनी यंत्रे काढून तेथे मोठी बसविण्यास उत्तेजन दिले आहे. तेव्हा जमिनीचे करार गावांपुढे पुन्हा येतील. त्या वेळी काय मागावयाचे, हे गावाने आधीच ठरविलेले बरे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्यातील शक्ती आठपट होते. वेग सेकंदास 5 मीटरऐवजी 6 मीटर असला, तरी शक्ती सुमारे पावणेदोनपट भरते. म्हणून सातबारावर पोटखराबा म्हणून नोंदलेला खडकाळ माथाच यंत्र उभारणाऱ्यास हवा असतो. त्याची किंमत नाचणीच्या उताऱ्यावरून करणे म्हणजे शुद्ध तोटा होय. वाऱ्याची मोजणी निदान वर्षभर चालते. तिचे आकडे ग्रामसभेत मागावेत.

जमीन शक्यतो विकू नये, भाडेपट्ट्याने द्यावी. मनोऱ्याचा पाया थोडीच जागा अडवितो, आणि दोन यंत्रांत पात्यांच्या फेऱ्याच्या व्यासाच्या पाच ते सातपट अंतर ठेवावे लागते. मधल्या जमिनीत नांगर चालतो, गुरेही चरतात. मात्र भाडे एकास आणि घरघर सर्वांस, असे झाले की गावात तेढ पडते. डेन्मार्कमध्ये 2009 पासून 2020 पर्यंत असा कायदा होता की, नव्या यंत्राच्या मालकीचा किमान पाचवा हिस्सा साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना प्रथम देऊ करावा. आपल्याकडे कोइमतूर जिल्ह्यातील ओडनथुराई ग्रामपंचायतीने 2006 मध्ये कर्ज काढून 350 किलोवॉटची पवनचक्कीच विकत घेतली, व गरजेहून अधिक झालेली वीज मंडळास विकली. प्रत्येक ग्रामपंचायतीस हे झेपेल असे नाही. पण गावाचा वाटा मागणे तरी झेपावे.

शेतीचे खरे नुकसान पात्यांमुळे होत नाही, ते रस्त्यामुळे होते. अवजड क्रेनसाठी रुंद रस्ता उतारास आडवा कापला की माथ्यावरील पावसाचे पाणी त्यात गोळा होते, एका जागी फुटते आणि खालच्या ताली वाहून नेते. वीतभर मातीच्या सड्यावर एकदा गेलेली माती परत येत नाही. यास्तव रस्ता होईल तेवढा समपातळीत न्यावा. बाजूस दगडी गटार काढावे आणि पाणी ठिकठिकाणी मोऱ्यांतून सोडून ओढ्यास मिळवावे. पायाच्या खोदाईत वरची काळी माती निराळी रचून ठेवण्यास सांगावे व शेवटी तीच वर पसरावी. ओल्या जमिनीवर जड वाहने फिरल्यास ती दगडासारखी दबते, म्हणून पावसाळ्यात काम बंद ठेवावे. ग्रामसेवकांनी या अटी करारातच लिहवून घ्याव्यात. तोंडी आश्वासन पहिल्या पावसात वाहून जाते.

घरांपासून अर्धा किलोमीटर तरी अंतर असावे. मुदत संपल्यावर मनोरा कोणी काढावयाचा, पायाचे काँक्रीट किती खोलीपर्यंत उकरावयाचे आणि त्यासाठीची अनामत कोणत्या बँकेत राहील, हेही सही करण्यापूर्वी कागदावर यावे.