आपण आहोत तरी किती?

आमच्या ऑफिसात दर तीन महिन्यांनी सेल्सचा फोरकास्ट होतो. आकडा दहा टक्के इकडचा तिकडे झाला की बॉसचा चेहरा बघण्यासारखा असतो. आणि हे फक्त तीन महिन्यांचं गणित, बरं का! शहराला पाणी पुरवणारा इंजिनीअर पाइप टाकतो तो तीस वर्षांनंतरच्या माणसांसाठी. त्यातली बरीचशी अजून जन्मालाच आलेली नाहीत. उरलेली नांदेड नाहीतर जळगावला दहावीच्या क्लासला बसलीत. त्यांच्या आंघोळीचं पाणी या बाबाला आजच मोजायचंय.

माझा एक सिव्हिलवाला मित्र हेच काम करतो. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात टँकरची ओळ दिसायला लागली, तेव्हा एका शनिवारी मी त्याला कॉफीच्या बदल्यात पकडलं आणि म्हटलं, सांग बाबा, तुमचा फंडा काय?

फंडा म्हणजे एक गुणाकार. माणसं गुणिले लिटर. लिटरचा आकडा ठरलेला आहे : माणशी रोज 135. बड्या महानगरांना 150. केंद्र सरकारच्या 1999 च्या मॅन्युअलमध्ये तो दिलाय. या 135 ची फोड ऐकण्यासारखी आहे. आंघोळीला 55, फ्लशला 30, कपड्यांना 20, भांडी आणि घर पुसायला दहा-दहा, स्वयंपाकाला 5 आणि प्यायला 5. म्हणजे प्यायच्या पाण्याच्या सहापट आपण फ्लशमध्ये ओततो! वर गळतीचे साधारण 15 टक्के धरायचे. शिवाय सकाळी सात ते नऊ सगळं शहर एकदमच बाथरूममध्ये घुसतं, म्हणून मोठ्या शहरात पाइप सरासरीच्या दुप्पट प्रवाहाला पुरेल असा घ्यायचा. हे सगळं सोपं. घोडं अडतं ते 'माणसं किती' इथे.

उदाहरण पिंपरी-चिंचवडचं घेऊ. आपल्यातले कितीतरी जण तिकडेच राहतात. 1991 च्या जनगणनेत तिथे साधारण 5 लाख लोक होते, 2001 ला साधारण 10 लाख. आता समजा तुम्ही 2001 साली टेबलाशी बसलायत आणि 2011 चा अंदाज करायचाय. पहिली पद्धत बेरजेची : दहा वर्षांत 5 लाख वाढले, म्हणजे पुढेही 5 वाढतील. उत्तर 15 लाख. दुसरी टक्केवारीची : मागच्या वेळी दुप्पट झाले, आताही होतील. उत्तर 20 लाख. दोन्ही पद्धती पुस्तकातल्या, दोन्ही बरोबर. फरक मात्र 5 लाख माणसांचा. त्याला 135 नी गुणा : रोजचे पावणेसात कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे 6,750 टँकर!

प्रत्यक्षात काय झालं? 2011 ला लोकसंख्या निघाली सव्वासतरा लाखांच्या थोडी वर. दोन्ही उत्तरांच्या मध्ये कुठेतरी.

मग मधला आकडा घेऊन मोकळं व्हायचं ना? मित्र हसला. म्हणाला, अरे, त्या 5 चे 10 होतानाच लोचा आहे. 1997 मध्ये वाकडसारखी आजूबाजूची गावं महापालिकेच्या हद्दीत आली. म्हणजे वाढीतली काही माणसं नवी आलेलीच नव्हती, ती जिथल्या तिथेच होती. रेघ सरकली आणि ती शहरवाले झाली. आलेख बघणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला फक्त वर जाणारी रेघ दिसते.

आणि दुसरा लोचा म्हणजे आपण. जन्म-मृत्यूचा हिशोब बराचसा सरळ असतो, पण हिंजवडीत आयटी पार्क होणार, मग शेजारच्या वाकडमध्ये टू बीएचकेत चार-चार मुलं राहणार, हे कुठल्या जुन्या आकड्यात सापडणार? नोकरी कुठे येतेय हे बघूनच ते ओळखावं लागतं. माझं मत विचाराल तर टॉवरला परवानगी देणारं टेबल आणि पाइपचा व्यास ठरवणारं टेबल एकाच खोलीत हवं.

बरं, जास्त धरून चालावं म्हटलं तर तेही महागात पडतं. पाइप गरजेपेक्षा मोठा घेतला की पाणी त्यात रेंगाळतं, क्लोरीन उडून जातं, आणि कर्जाचे हप्ते न आलेल्या माणसांच्या नावाने भरावे लागतात. म्हणून पंप 15 वर्षांचा विचार करून घेतात, पाइप 30 आणि धरण 50 वर्षांचा. पंप बदलता येतो. धरण थोडंच बदलणार?

कमी धरलं तर काय होतं, हे मात्र आपण नेहमी शहराच्या बाजूनेच बघतो. पिंपरी-चिंचवडचं बरंचसं पाणी पवना धरणातून नदीत सोडतात आणि खाली रावेतला उचलतात. ते थेट बंद पाइपमधून आणायची योजना निघाली. नदीवर ज्यांचे शेतीपंप आहेत त्या मावळातल्या शेतकऱ्यांना धास्ती बसली, पाणी पाइपमध्ये गेलं तर नदीत उरणार काय? 9 ऑगस्ट 2011 ला एक्स्प्रेस वेवर बऊरजवळ आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. योजना रखडली. शहर थांबलं नाही. नोव्हेंबर 2019 पासून तिथे एक दिवसाआड पाणी सुरू झालं. हे ऐकल्यावर ते 55 लिटर मला नुसता आकडा वाटेनात.

पुढचा अंदाज कशावर करायचा, तर 2011 च्याच आकड्यांवर. 2021 ची जनगणना झालीच नाही. नव्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही तारीख ठरली. तोवर मतदार यादी, वीज मीटर, प्रॉपर्टी टॅक्सची खाती, जे हाताला लागेल त्यावरून अडाखे बांधायचे. भाड्याने राहणारे चार जण यातल्या कशातच नीट सापडत नाहीत, मीटर घरमालकाच्या नावाचा आणि मतदान गावी.

जनगणनेत माणूस नेहमी जिथे राहतो तिथे मोजायचा असतो. म्हणून मी आईला फोन करून सांगितलं, गणनेवाले आले तर माझं नाव घरी सांगू नकोस.

"का रे? रेशन कार्डावर आहे की तुझं नाव."

"अगं, मी पाणी इथलं वापरतो ना!"

"मग इथलं कोण वापरतं? इथे आठ दिवसांनी येतं, माहितीये ना?" आई म्हणाली आणि वडलांना विचारून सांगते म्हणत तिने फोन ठेवला.