पांढरे म्हणजे रिकामे नव्हे

मुलांनो, समजा तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन आहे. त्यासाठी संगणकावर हिरव्या रंगाचे भित्तिपत्रक तयार करायचे आहे. सुंदर अक्षर असलेल्या एका मुलीने पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने शाळेचे नाव लिहून दिले. तुम्ही त्या कागदाचे चित्र संगणकात घेतले आणि भित्तिपत्रकावर ठेवले. काय दिसेल? अक्षरांभोवती पांढरा चौकोन! जणू हिरव्या कापडाला पांढरे ठिगळ लावले आहे.

असे का होते? कोरा कागद आपल्याला रिकामा वाटतो. पण संगणकाला तसे वाटत नाही. संगणकावरील चित्र लहान लहान बिंदूंचे बनलेले असते. प्रत्येक बिंदूत लाल, हिरवा आणि निळा रंग किती आहे, हे तीन आकडे सांगतात. नेहमीच्या चित्रांत हे आकडे ० ते २५५ यांच्या दरम्यान असतात. तिन्ही आकडे ० असले, की बिंदू काळा दिसतो. तिन्ही २५५ असले, की तो पांढरा दिसतो. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने पांढराही एक रंगच आहे. म्हणून तो खालचा हिरवा रंग झाकून टाकतो.

खालचा रंग दिसावा म्हणून बिंदूला चौथा आकडा देतात. त्याला 'अल्फा' म्हणतात. अल्फा २५५ असेल, तर बिंदू पूर्ण दिसतो. अल्फा ० असेल, तर तो मुळीच दिसत नाही. मधला आकडा असेल, तर बिंदू रंगीत काचेसारखा होतो. अक्षरांच्या कडांना याचाच उपयोग होतो. अक्षराची कड एकदम संपत नाही. तेथे करड्या बिंदूंची बारीक रेघ असते. ते बिंदू अर्धवट पारदर्शक झाले नाहीत, तर अक्षरांभोवती पांढुरकी किनार राहते.

'गिम्प' हे विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर आहे. त्यात चित्र उघडा. 'कलर्स' या यादीतील 'कलर टू अल्फा' निवडा आणि पांढरा रंग ठेवा. पांढरा रंग निघून जाईल आणि कडाही नीट होतील. मागे बुद्धिबळाच्या पटासारखे करडे चौकोन दिसतील. ते चित्राचा भाग नाहीत. 'ही जागा रिकामी आहे' एवढेच ते सांगतात.

मात्र प्रत्येक चित्राला हा उपाय चालत नाही. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कुर्ता घातलेला मुलगा उभा असेल, तर भिंतीबरोबर कुर्ताही नाहीसा होईल! अशा वेळी मुलाच्या कडेने रेघ आखून तेवढाच भाग निवडावा लागतो.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. चित्र जेपीईजी प्रकारात ठेवू नका. त्यात अल्फा साठवण्याची सोय नाही. रिकाम्या जागेत पुन्हा रंग भरला जाईल आणि सगळी मेहनत वाया जाईल. १९८९ सालच्या जीआयएफ प्रकारात बिंदू एक तर पूर्ण दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. म्हणून कडा खडबडीत होतात. १९९६ साली प्रमाणित झालेल्या पीएनजी प्रकारात अर्धवट पारदर्शक बिंदूही साठवता येतात. म्हणून 'एक्स्पोर्ट ॲज' निवडा आणि चित्र पीएनजी प्रकारात ठेवा.

आता ते नाव हिरव्या भित्तिपत्रकावर ठेवून पाहा. ते तेथेच लिहिल्यासारखे दिसेल.

स्वाध्याय
१. अल्फा हा आकडा काय सांगतो?
२. पांढऱ्या कुर्त्याच्या चित्रात कोणती अडचण येते?
३. कारण लिहा : पारदर्शक चित्र जेपीईजी प्रकारात ठेवू नये.