व्हॅन, कुटुंबोपयोगी

व्हॅन, कुटुंबोपयोगी : चालक, प्रवासी आणि सामान यांना एकाच पेटीवजा कक्षात सामावून घेणारी लहान प्रवासी मोटारगाडी. सर्वसामान्य मोटारगाडीत पुढे एंजिनाचा, मध्ये माणसांचा व मागे सामानाचा असे तीन भाग वेगळे दिसतात. व्हॅनमध्ये ते एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळे रस्त्यावर जागा तेवढीच अडवूनही गाडीत अधिक माणसे बसू शकतात. ही जागा प्रामुख्याने एंजिन कोठे बसविले आहे यावर अवलंबून असते. व्हॅनच्या निरनिराळ्या पिढ्यांतील फरक मुख्यत्वे याच बाबतीत दिसून येतात.

जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने १९५० मध्ये उत्पादनास आरंभ केलेल्या व्हॅनचे एंजिन मागील टोकास होते. इटलीच्या फियाट कंपनीची ‘६०० मल्टिप्ला’ (१९५६) ही त्याच रचनेची, पण आकाराने बरीच लहान गाडी होती. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९८३ च्या अखेरीस पुढे आडवे एंजिन असलेली व पुढील चाकांना चालना देणारी व्हॅन बाजारात आणली. फ्रान्समधील रनो कंपनीची ‘एस्पास’ १९८४ मध्ये आली. या दोहोंत एंजिन प्रवाशांच्या पुढे असल्याने समोरून टक्कर झाल्यास आघाताचा काही भाग गाडीच्या नाकाडावरच जिरतो. भारतातील व्हॅन मात्र वेगळ्या वाटेने आली.

महाराष्ट्रात पेटीवजा लहान वाहनांचा प्रसार प्रथम बजाज टेम्पो या कंपनीमुळे झाला. नवलमल कुंदनमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये जर्मन टेम्पो कारखान्याच्या सहकार्याने ती सुरू झाली. तिची तीनचाकी टेम्पो व पुण्याजवळील आकुर्डी येथील मॅटॅडोर (१९६९ पासून) ही मूलतः व्यवसायाची वाहने होत. मालवाहतूक, रुग्णवाहिका, वऱ्हाड अशा अनेक कामांसाठी ती वापरली गेली. मराठीत ‘टेम्पो’ व ‘मॅटॅडोर’ ही सामान्यनामे होऊन बसली आणि कोणत्याही कंपनीच्या गाडीस लोक त्याच नावाने संबोधू लागले. तथापि मध्यमवर्गीय कुटुंबाने स्वतःसाठी विकत घ्यावी अशी ती गाडी नव्हती.

ती उणीव मारुती उद्योग या कंपनीच्या व्हॅनने १९८४ मध्ये भरून काढली. तिचा मूळ आराखडा जपानच्या सुझुकी कंपनीच्या ‘कॅरी’ या गाडीचा होता. कॅरीची पहिली पिढी १९६१ मधील असून ती प्रथम मालवाहू वाहन म्हणूनच बनविली गेली. जपानमध्ये ठराविक आकाराच्या आतील लहान गाड्यांना करांत सवलत मिते. १९७६ पासून ही मर्यादा लांबीस ३·२० मी., रुंदीस १·४० मी. आणि एंजिनाच्या क्षमतेस ५५० घ.सेंमी. अशी होती. लांबी कायद्याने बांधलेली असल्याने एंजिन पुढे ठेवणे परवडणारे नव्हते. ते पुढील आसनांच्या खाली सरकविण्यात आले व चालकाचे पाय पुढील आसाच्याही पुढे आले. अशा रीतीने जपानी करनियमांनी ठरविलेले माप हजारो किलोमीटर दूर असलेल्या भारतातील रस्त्यांवर रूढ झाले.

मारुती व्हॅनची लांबी सु. ३·३७ मी., रुंदी १·४१ मी. व दोन आसांमधील अंतर केवळ १·८४ मी. होते. भारतासाठी मोठे, म्हणजे ७९६ घ.सेंमी. क्षमतेचे तीन सिलिंडरांचे पाण्याने थंड होणारे एंजिन तिला बसविण्यात आले. हेच एंजिन ‘मारुती ८००’ या मोटारगाडीतही असल्याने सुटे भाग व दुरुस्तीची माहिती असलेले कारागीर लहान गावांतही मिळू लागले. चालना मागील चाकांना होती व मागील आसाखाली पाटे होते. एंजिन पाहण्यासाठी पुढील आसन उचलावे लागे आणि लांबच्या प्रवासात त्याची उष्णता बसणाऱ्यास जाणवे. दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे असल्याने अरुंद बोळातही चढ-उतार सुलभ होई. १९८८ मध्ये या गाडीस ‘ऑम्नी’ हे नाव देण्यात आले, तरी बोलण्यात ती ‘मारुती व्हॅन’च राहिली.

खानदेशासारख्या प्रदेशात या व्हॅनचे कौटुंबिक व व्यावसायिक असे दोन उपयोग वेगळे करणे कठीण आहे. पाचोरा हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठिकाण असलेले जळगाव तेथून सु. ५० किमी. दूर आहे. अशा ठिकाणी एकच व्हॅन सकाळी शाळेच्या मुलांना ने-आण करते, दुपारी आजारी माणसास जळगावी पोहोचविते आणि लग्नसराईत वऱ्हाडाला जुंपली जाते. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंदमापी रेल्वेगाडी २०२० मध्ये थांबल्यावर तिच्या प्रवाशांनाही रस्त्यावरील वाहनांचाच आश्रय उरला.

या उपयुक्ततेची दुसरी बाजू सुरक्षिततेची आहे. ऑम्नीत समोरच्या पत्र्यामागे चालकाचे गुडघे लगेच येत असल्याने टक्कर सोसण्यास मध्ये काहीच नसे. क्षमतेबाहेर मुले बसविल्यास तो धोका वाढतो. महाराष्ट्र शासनाने २०११ मध्ये शालेय वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. दुसरा धोका इंधनाचा. द्रवरूप खनिज तेल वायू (एलपीजी) मोटारींत वापरण्यास २००० मध्ये कायदेशीर मान्यता मिळाली. योग्य टाकी व झडपा असल्यास ही योजना सुरक्षित असते. परंतु घरगुती सिलिंडरमधून चोरून वायू भरण्याची पद्धत सर्रास बोकाळली. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास गाडीच्या तळाशी साचतो आणि ठिणगी मिळताच पेट घेतो. जळगाव शहरात नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच बेकायदा भरणाच्या वेळी व्हॅनचा स्फोट होऊन त्यात काही जण मृत्युमुखी पडले.

मारुती कंपनीने २००१ मध्ये ‘व्हर्सा’ ही पुढच्या पिढीची व्हॅन आणली. तिच्यात पुढील चाके चालकाच्या पुढे सरकविण्यात आली व आसांमधील अंतर २·३५ मी. झाले. एंजिन आसनाखालीच, पण १,२९८ घ.सेंमी. क्षमतेचे होते. आठ आसने, मागील प्रवाशांसाठी वेगळे वातानुकूलन आणि अमिताभ व अभिषेक बच्चन यांच्या जाहिराती असूनही ती फारशी खपली नाही. एवढ्या किमतीत ग्राहकास प्रतिष्ठेची मोटार हवी होती आणि व्हर्सा दिसण्यात व्हॅनच होती. कंपनीने मग उलटी वाट धरली. २०१० मध्ये त्याच पेटीतून बऱ्याच सोयी काढून, १,१९६ घ.सेंमी. चे एंजिन बसवून, पाच किंवा सात आसनांची ‘ईको’ तीन लाख रुपयांच्या आत विकण्यास ठेवली. ती लगेच लोकप्रिय झाली. एकच सांगाडा एका नावाने पडला व दुसऱ्या नावाने चालला, हे उदाहरण या क्षेत्रात उद्‌बोधक आहे.

स्वस्ताईची किंमत मात्र द्यावी लागली. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये घेतलेल्या ताशी ६४ किमी. वेगाच्या टक्कर-चाचणीत हवापिशवी नसलेल्या ईकोस एकही तारांकन मिळाले नाही. भारतात टक्कर-चाचणीचे नियम जुन्या गाड्यांनाही ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाले. चालकासाठी हवापिशवी त्याच वर्षी जुलैपासून अनिवार्य ठरली. ऑम्नीच्या सांगाड्यात या अटी बसविणे शक्य नव्हते, म्हणून पस्तीस वर्षांनंतर २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबविण्यात आले. ईकोत सुधारणा करण्यात आल्या व २०२२ मध्ये तिला नवे एंजिन मिळाले.

एंजिन पुढे ठेवणारी रचना महाराष्ट्रात महिंद्र कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात तयार झालेल्या ‘मराझो’ (२०१८) या गाडीत आढळते. तिला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी चार तारांकने मिळाली. परंतु किमतीमुळे ती ऑम्नी अथवा ईकोच्या ग्राहकवर्गापर्यंत पोहोचू शकली नाही. [⟶ मोटारगाडी].