कुंभकोणम ते धर्मपुरी : मुलांच्या दातांना फ्लोराइड किती हवे?

तामिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील मंदिरांचे शहर. याच कावेरीचे पाणी बरेच वर, होगेनक्कल येथे उचलून धर्मपुरी आणि कृष्णगिरी जिल्ह्यांना पुरवले जाते. जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या कर्जसाहाय्याने उभारलेली ही योजना २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्या अधिकृत नावातच ‘फ्लुरोसिस निवारण’ हे शब्द आहेत. त्या दोन जिल्ह्यांतील कठीण खडकांतून भूजलात फ्लोराइड विरघळते, तर नदीच्या वाहत्या पाण्यात त्याचे प्रमाण सहसा अल्प असते. म्हणूनच ‘फ्लोराइड चांगले की वाईट’ या प्रश्नाचे उत्तर नदीचे पाणी पिणाऱ्या मुलासाठी आणि विंधनविहिरीचे पाणी पिणाऱ्या मुलासाठी सारखे येत नाही.

फ्लोराइडचा लाभ आणि अपाय वेगवेगळ्या मार्गांनी होतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. गोड पदार्थ खाल्ल्यावर दातांवरील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दंतवल्कातील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील खनिजे झिरपून जातात. लाळेत थोडे फ्लोराइड असल्यास ही खनिजे दातात पुन्हा बसण्यास मदत होते आणि नवे आवरण आम्लाला अधिक दाद देत नाही. हा परिणाम मुख्यतः दाताच्या पृष्ठभागावर घडतो. अपाय मात्र पोटात गेलेल्या फ्लोराइडमुळे होतो. कायमचे दात हिरडीखाली घडत असताना, साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, ते सातत्याने अधिक प्रमाणात शरीरात गेले तर दंतवल्क सदोष बनते. पांढुरके पट्टे, तपकिरी डाग आणि तीव्र अवस्थेत खड्डे दिसतात. घासून न जाणाऱ्या या डागांना अस्वच्छतेची खूण समजून मुलांना बोल लावला जातो, हे अन्यायाचेच आहे.

भारतात या विकाराची शास्त्रीय नोंद तत्कालीन मद्रास प्रांतातच झाली. १९३७ मध्ये शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेल्लोर भागातील रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये कार्यरत असलेले आणि पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झालेले डॉ. चिंतामण गोविंद पंडित यांनी १९४० मध्ये दक्षिण भारतातील फ्लुरोसिसवर विस्तृत निबंध लिहिला. मुलांचे डागाळलेले दात आणि प्रौढांमधील हाडांचे विकार या दोहोंची कारणे त्यात तपासली होती.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. तुरटी आणि चुना वापरून ते काढण्याची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केली. महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावांनाही हा प्रश्न भेडसावतो.

टूथपेस्टचे काय? भारतीय नियमांनुसार तिच्यात दशलक्ष भागांत १,००० भागांहून अधिक फ्लोराइड नसावे. तीन वर्षांखालील बालकाला तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट लहान मुलांसाठी नाही. मूल पेस्ट गिळत नाही ना, याकडे पालकांनी स्वतः उभे राहून पाहावे. ज्या भागात पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे पेस्टची निवड दंतवैद्याच्या सल्ल्याने करावी.

कूपनलिकेचे पाणी दिसायला नितळ आणि चवीला निर्दोष असले तरी त्यातील फ्लोराइड कळत नाही. त्यासाठी तपासणीच करावी लागते. जल जीवन अभियानांतर्गत गावोगावी महिलांना तपासणी संचांचे प्रशिक्षण दिले जाते आणि पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा नागरिकांसाठी नाममात्र शुल्कात खुल्या करण्यात आल्या आहेत. बाळ जन्मल्यावर पहिल्या वर्षातच घरच्या पाण्याचा अहवाल हाती असणे उत्तम, कारण समोरचे कायमचे दात त्याच सुमारास घडू लागतात.