थंडीतील सायकल आणि चामड्याविना ऊबदार पाऊल

डिसेंबर महिन्यात नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरी सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. पारा शून्याखाली रोज जात नाही. परंतु तीन-चार अंशांची ओलसर थंडी, समुद्राकडून येणारा वारा आणि थांबून थांबून पडणारा पाऊस यांचा त्रास कोरड्या हिमापेक्षाही अधिक वाटतो. सांगली, सोलापूर वा पुण्याहून उच्च शिक्षणासाठी तेथे गेलेल्या मुलामुलींना पहिल्या काही दिवसांतच सायकल घ्यावी लागते. सुमारे १ कोटी ८० लाख लोकवस्तीच्या त्या देशात सायकलींची संख्या २ कोटींहून अधिक आहे. शेजारच्या बेल्जियममधील अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांतील मुलेही असल्याच हवेत शाळेला जातात.

थंडीचा पहिला घाला पडतो तो पायांच्या बोटांवर. हातांना मोजे, कानांना टोपी, अंगाला जाड कोट असतो. बोटे मात्र अर्ध्या तासात बधिर होतात. दुकानदार किंवा सहाध्यायी सल्ला देतात, ‘चामड्याचे चांगले बूट घ्या.’ मंदिराच्या पायरीवर कमरेचा चामडी पट्टाही काढून ठेवणाऱ्या घरातील मुलाला येथे अडखळायला होते. नियम पाळावा की प्रकृती सांभाळावी, असा पेच त्याच्यापुढे उभा राहतो. काही जण घरी न सांगता तडजोड करतात, तर काही साध्या कापडी बुटांत थंडी सोसत राहतात. वास्तविक या दोन्हींची गरज नाही. पाय गार का पडतात हे नीट समजून घेतले, तर चामड्यावाचून काहीही अडत नाही.

उष्णतेचा जमाखर्च

शरीराला थंडी जाणवली की ते आपली उष्णता हृदय, फुप्फुसे आदी मुख्य अवयवांसाठी राखून ठेवते. त्यासाठी हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. चालताना पाऊल वाकते, स्नायू काम करतात आणि रक्त खेळते राहते. सायकलवर मांड्या व पोटऱ्या राबतात. पाऊल मात्र पायडलवर जवळपास स्थिर असते. म्हणजे जमा कमी. खर्चाची बाजू त्याहून वाईट. सायकलस्वार स्वतःच वारा निर्माण करतो. हवा शून्य अंशावर असताना ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला सुमारे उणे ५ अंशांसारखा बोचतो. त्यात पाय ओले झाले, तर हिशेब पुरताच बिघडतो. पाणी हे स्थिर हवेच्या सुमारे २४ पट उष्णतावाहक आहे, आणि ते वाळतानाही त्वचेचीच उष्णता ओढून घेते.

म्हणून पायांना ऊब देणारी खरी वस्तू म्हणजे बुटात कोंडलेली कोरडी हवा. मोजे आणि बूट हे केवळ तिचे राखणदार. पाय गार पडतात म्हणून एकावर एक तीन मोजे चढवून तेच बूट घट्ट आवळणारा नेमकी हीच हवा हुसकावून लावतो आणि रक्तप्रवाहही रोखतो. हिवाळ्याचे बूट नेहमीपेक्षा अर्ध्या वा एका मापाने मोठे घ्यावेत. जाड मोजा घातल्यावरही आत बोटे मोकळी हलली पाहिजेत. खेळाच्या सायकलीसाठी असलेल्या काही बुटांच्या तळव्याला पायडलमध्ये अडकणारी धातूची पट्टी असते. तिच्यातून थंडी वर चढते. तेथे आतून बुचाचा किंवा जाड कापडाचा जादा तळवा घालावा.

पाणी येते कोठून?

आकाशातून पडणाऱ्या पाण्यापेक्षा पुढच्या चाकाने उडवलेले रस्त्यावरचे पाणी पाय अधिक भिजवते. त्यामुळे पहिला खर्च बुटांवर न करता मडगार्डवर करावा. पुढचे मडगार्ड पूर्ण लांबीचे असावे आणि त्याच्या खालच्या टोकाला जमिनीच्या जवळ पोहोचेल अशी रबरी झडप लावावी. थोड्या पैशांच्या या पट्टीने बुटांवरचा निम्मा भार हलका होतो.

दुसरी वाट घोट्याची. पावसाचे पाणी विजारीवरून ओघळून थेट बुटात उतरते. पावसाळी विजारीचा पायघोळ भाग बुटाच्या बाहेरून यावा. बुटात खोचलेला नसावा. बुटांवरून चढवायची जलरोधक आवरणेही मिळतात. त्यांतील निओप्रीनची आवरणे पाणी पूर्णपणे थोपवतातच असे नाही, परंतु वारा अडवून ऊब राखतात.

तिसरे पाणी स्वतःच्या घामाचे. सुती मोजा हा घाम शोषून धरून ठेवतो आणि ओल्या पट्टीसारखा पायाला चिकटतो. थंडीत सुती मोजे टाळावेत, हा या सर्व विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित नियम आहे. अचानक पाऊस गाठलाच, तर मोज्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी चढवून वर बूट घालण्याची जुनी युक्ती तासाभराच्या प्रवासाला पुरते. मुक्कामी पोहोचताच पिशवी काढून मोजे मात्र बदलावेत.

चामड्याला पर्याय

चामडे टिकाऊ असले, तरी भिजले की ते पाणी पिते, जड होते आणि सावकाश वाळते. रोजच्या पावसात सायकल चालवणाऱ्याला रबरी तळव्याचे, कृत्रिम कापडाचे आणि आतून जलरोधक पडदा असलेले बूट अधिक सोयीचे. शहरातल्या चार-पाच किलोमीटरांसाठी साधे गमबूट व जाड मोजेही उत्तम काम देतात.

खरेदी करताना खात्री कशी करावी? युरोपीय संघाच्या १९९४ च्या निर्देशानुसार तेथे विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर वरचा भाग, अस्तर आणि तळवा कशाचा आहे, हे चिन्हांनी दर्शवावे लागते. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे. त्या आकृतीच्या आत चौकट असेल तर मुलामा दिलेले चामडे. विणीची जाळी म्हणजे कापड. आणि हिऱ्यासारखी नुसती चौकट म्हणजे रबर, प्लास्टिक आदी अन्य पदार्थ. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्या भागात किमान ८० टक्के प्रमाणात जो पदार्थ असेल, त्याचेच चिन्ह पुरेसे मानले जाते. म्हणजे हिऱ्याचे चिन्ह असलेल्या बुटावरही चामड्याची एखादी पट्टी असू शकते. चोखंदळ ग्राहकाने ‘वीगन’ असा स्पष्ट उल्लेख पाहावा किंवा दुकानदाराला थेट विचारावे.

लोकरीचा प्रश्न थोडा वेगळा. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही उबदार राहते, म्हणून मोज्यांसाठी ती श्रेष्ठ मानली जाते. श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा लोकरीचाच असतो. परंपरेला लोकर परकी नाही. मात्र ऑस्ट्रेलियातील काही मेरिनो मेंढ्यांच्या शेपटीभोवतीची कातडी माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी कापून काढतात. या क्रियेला ‘म्यूल्सिंग’ म्हणतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये तिच्यावर बंदी घातली. लोकरी मोजे घेताना ‘म्यूल्सिंगविरहित’ असे प्रमाणपत्र पाहावे. ज्यांना लोकरही नको, त्यांनी जाड अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे मोजे वापरावेत. पिसे भरलेली पादत्राणे अर्थातच टाळावीत.

घरी परतल्यावर

ओले बूट हीटरवर ठेवू नयेत; तळव्याचा चिकटा सुटतो. आतला तळवा काढावा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दोन तासांनी ते बदलावेत. सकाळपर्यंत बूट बहुतेक कोरडे होतात. बधिर पायही एकदम गरम पाण्यात किंवा शेगडीसमोर धरू नयेत. थंडीने आकुंचित झालेल्या त्वचेला एकाएकी ऊब मिळाली, तर बोटांवर लाल-जांभळी, खाजरी सूज येण्याचा संभव वाढतो. तिला ‘चिलब्लेन’ म्हणतात. पाय कोरडे करून, सुके मोजे घालून हळूहळू ऊब येऊ द्यावी. बोटे पांढरीफटक, कडक व संवेदनाशून्य झाली असतील, तर ती चोळू नयेत; त्वरित डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्यांच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. त्यांनी रोज रात्री पाय डोळ्यांनी तपासावेत.

परदेशी निघालेल्या मुलाच्या बॅगेत आई चकल्या भरते, लाडू भरते, आजी नवकार मंत्राची छोटी पुस्तिका ठेवते. त्याच बॅगेत चार जोड जाड मोजे ठेवावेत आणि बुटांवरील चिन्हे कशी वाचावीत, हेही निघण्यापूर्वी समजावून सांगावे. साधूंच्या ईर्यासमितीत पायाखालच्या जीवाची काळजी असते. श्रावकाच्या जयणेत त्या जीवाबरोबरच आपल्या मुलाच्या पायाचीही काळजी घेता येते, आणि त्यासाठी नियम मोडावा लागत नाही.