खांद्यावर टेकणारे काडतूस

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली सुरू झाले. वैद्य बंधूंच्या या आखाड्यात पुढे शिवराम हरी राजगुरू तालमीला आले. मंडळ सुरू झाले त्याच वर्षी, २६ ऑगस्टला, कोलकात्यात शस्त्रविक्रेत्या रॉडा कंपनीचा माल कस्टममधून सोडवून नेताना क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. एका पिस्तुलामागे ९२० काडतुसे झाली. या घटनेविषयी लिहिताना सगळे पिस्तुलांबद्दल बोलतात. मला मात्र काडतुसांबद्दल लिहायचे आहे, कारण माउझरचा दरारा काडतुसाच्या पितळी नळीच्या आकारातून आला होता.

माउझरचे ७.६३ मिलिमीटरचे काडतूस सुरईसारखे आहे: खाली रुंद पोट, वर उतरता खांदा आणि त्यापुढे अरुंद मान. पोटात दारू जास्त मावते आणि मानेत बारीक, हलकी गोळी बसते, म्हणून गोळी फार वेगाने सुटते. ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडताना राजगुरूंचे साथीदार भगतसिंग यांच्या हाती होते ते .३२ चे कोल्ट पिस्तूल. ते आज हुसैनीवालाच्या संग्रहालयात आहे. त्याचे काडतूस सरळ नळीचे असून बुडाशी जराशी बाहेर आलेली कड आहे. चेंबरमध्ये, म्हणजे पिस्तुलातल्या काडतूस बसण्याच्या खोबणीत, शिरल्यावर ती कडच त्याला अडवते. माउझरच्या काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे ते खांद्यावर अडते. काडतूस पिस्तुलात सुरक्षितपणे उडेल की नाही, हे बरेचसे या अडण्याच्या जागेवर अवलंबून असते.

चेंबरमधली ही अडण्याची जागा आणि काडतुसाच्या बुडामागे उभी असलेली पोलादी भिंत यांच्यातले अंतर म्हणजे हेडस्पेस. ते जास्त झाले तर काय होते ते पाहू. फायरिंग पिनचा ठोका काडतुसाला आधी पुढे ढकलतो. दारू पेटली की दाबाने नळीचा पुढचा पातळ भाग फुगतो आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटतो. बुडाचा जाड भाग चिकटत नाही, तो मागे सरकून पोलादावर आदळतो. पुढचा भाग जागेवर आणि मागचा सरकलेला, म्हणून मधले पितळ ताणले जाऊन पातळ होते. तीच नळी पुन्हा भरून वापरली की ताण त्याच जागी पडतो. अशा काही फेऱ्यांनंतर नळी तिथेच तुटते आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. उलट अंतर कमी पडले तर पिस्तुलाची स्लाइड पुरती बंदच होत नाही.

काडतुसे पुन्हा भरणारा माणूस हे अंतर स्वतःच्या हाताने घडवतो. वापरलेली, फुगलेली नळी तो साच्यात दाबतो. साचा जरा जास्त खाली बसला की खांदा मागे ढकलला जातो आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. कॅलिपरने बुडापासून तोंडापर्यंत मोजूनही उपयोग नाही, कारण मोजायचे असते ते खांद्यावरच्या ठरावीक व्यासापर्यंतचे अंतर. त्यासाठी कॅलिपरला वेगळा जोड लावतात आणि त्याच पिस्तुलातून सुटलेल्या नळीशी दाबलेल्या नळीची तुलना करतात. फरक मिलिमीटरच्या शतांशांत असतो.

याहून साधी आणि मला जास्त विश्वासाची वाटणारी तपासणी अशी: पिस्तूल रिकामे करून उघडायचे, नळकांडे (बॅरल) बाहेर काढायचे आणि दारू व प्राइमर नसलेली, साच्यातून काढलेली नळी त्यात सोडायची. ती टक्कन बसली पाहिजे, बूड नळकांड्याच्या मागच्या कडेशी सपाट आले पाहिजे आणि उलटे धरताच ती आपल्या वजनाने खाली पडली पाहिजे. बूड फार खोल गेले तर खांदा जास्त मागे गेला आहे. नळकांडे बाहेर काढण्याला कारण आहे. जोडलेल्या पिस्तुलात आखूड नळीलाही एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे सुटलेली नळी बाहेर ओढणारा, आकडा धरून ठेवतो, गोळी सुटते आणि दोष झाकला जातो. बाजारात मिळणारे गेज, म्हणजे मापाचा तयार साचा, ठरलेल्या प्रमाणाशी जुळणी सांगते, तुमच्या नळकांड्याशी नव्हे. म्हणून दोन्ही करून पाहावे.

खांदा असलेल्या आणखी एका काडतुसावरून, १९९४ मध्ये आलेल्या .३५७ सिगवरून, काडतुसे भरणाऱ्यांत वाद आहे. काही म्हणतात ते तोंडावर अडते, काही म्हणतात खांद्यावर. मी खांद्याच्या बाजूने आहे. त्याचे मूळ .४० एस अँड डब्ल्यू काडतुसात आहे, पण ती नळी २१.५९ मिलिमीटरची आणि सिगची २१.९७. काही जण .४० ची नळी आवळून सिगचे काडतूस बनवतात. ते तोंडाशी आखूडच राहते, मग तोंडावर टेकणार कसे? या काडतुसाची मान तोकडी आहे, त्यामुळे गोळीवरची पकडही तपासावी लागते. गोळी आत सरकली की दाब वाढतो.

हे सगळे आपल्याकडे घरी करून पाहण्यासारखे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही दारूगोळ्यातच मोजली आहेत आणि दारूगोळा बनवायला परवाना लागतो. अकोल्याहून भुसावळकडे जाताना वरणगाव लागते. तिथला आयुध कारखाना १९६४ चा. तिथे बनणारी ७.६२ आणि ५.५६ ची काडतुसे खांद्यावरच टेकणारी आहेत आणि गेजचा हा हिशेब अशाच कारखान्यांचा आहे.

पण वऱ्हाडातल्या ज्या घरात रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक राखायला किंवा स्वसंरक्षणासाठी परवान्याची जुनी .३१५ रायफल असेल, त्या घराला यातले एक उपयोगी पडेल. तिच्या काडतुसालाही खांदा आहे, पण ते बुडाच्या कडेवर अडते. वर्षानुवर्षांच्या वापराने बोल्ट झिजला की तेच अंतर वाढते. सुटलेली नळी उजेडात धरून बुडाच्या जरा वर पाहावे. तिथे चकाकणारे कडे दिसले, किंवा टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवताना खाच लागली, तर पितळ ताणले गेले आहे. त्या रायफलीतून पुढची गोळी झाडू नये. ती परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावी आणि चेंबरमध्ये नो-गो गेज घालून बोल्ट तपासून घ्यावा. त्या गेजवर बोल्ट बंद झाला, तर रायफल दुरुस्तीला टाकावी.