बाभळीचा भाऊ खैर

बाभळीचे नाव आपल्या तोंडी येते ते बहुधा कुणाला नावे ठेवताना. तिचा भाऊ खैर मात्र आपल्या तोंडात चक्क रंगतो. दिवाळीच्या जेवणानंतर तबकातला विडा उचलावा, त्यातला काथ हा खैराचाच!

भावंडे ओळखायला सोपी आहेत. बाभळीचा काटा लांब, सरळ आणि पांढरट. फूल म्हणजे पिवळाधमक गोंडा. शेंग मण्यांच्या माळेसारखी. खैराचा काटा आखूड व आकडीसारखा वाकडा, फुलांचे तुरे फिकट, शेंग चपटी. शास्त्रज्ञ दोघांनाही ‘अकेशिया’ या एकाच आडनावाने ओळखत. २००५ साली व्हिएन्नाच्या परिषदेने ते आडनाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे दिले, २०११ साली मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. आता बाभूळ ‘व्हॅचेलिया’ आणि खैर ‘सेनेगॅलिया’. कागदोपत्री भावंडे विभक्त झाली म्हणायची!

पण खरी ताटातूट नशिबाची आहे. बाभळीचा डिंक घ्या, दातवण घ्या, शेंगा शेळ्यांना घाला. झाड जागेवर उभेच. उलट शेळ्याच तिचे बी रानोमाळ पसरवतात. खैराचे तसे नाही. काथ असतो त्याच्या लाल गाभ्यात. झाड आडवे करायचे, पांढरे लाकूड तासून टाकायचे, गाभ्याच्या ढलप्या उकळायच्या, तो काढा आटवून थिजवायचा, तेव्हा काथ हाती येतो. या कामावरूनच कातकरी समाजाला नाव मिळाले. तोडलेल्या बुंध्याला फुटवा येतो खरा. पण गाभा भरायला वर्षानुवर्षे लागतात, आणि तेवढा धीर कुऱ्हाडीला नसतो.

म्हणून महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने खैराला अनुसूचीत घातले. परवानगीवाचून तो तोडता येत नाही. बाभळीला त्या यादीत जागा नाही, आणि तिला तिची गरजही भासली नाही. तरीही कोकणातून खैराच्या चोरट्या तोडीच्या बातम्या येतच असतात.

‘आता तुझी खैर नाही’ यातली खैर अरबीतून आलेली. तिचा अर्थ कल्याण. झाडाचा खैर संस्कृत ‘खदिरा’पासूनचा. शब्दांचे नाते नाही, पण योग विलक्षण आहे. विडा जरूर खावा. मात्र ओठांवरचा तो लाल रंग एका उभ्या झाडाच्या काळजातून आला आहे, एवढे मुलांना सांगावे. आणि गावी बांधावर जागा असेल, तर येत्या पावसाळ्यात एक खैर लावावा.